चढावर गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, क्लच प्लेट बदलावी लागेल का?

वास एकदाच आला असेल तर लगेच खर्चात पडू नका, बोरघाटात ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरून ठेवली की कुठल्याही गाडीला येतो तो. खरी खूण म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरला चढावर रेस दिली की आरपीएम वर जातो, इंजिन ओरडतं पण स्पीड काही वाढत नाही, म्हणजे प्लेट स्लिप होतेय. केबलवाला क्लच असेल तर आधी पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीला मिळणारी मोकळी चाल) चेक करायला सांगा, केबल जास्त ताणलेली असली तरी क्लच पूर्ण पकडत नाही आणि मग नुसत्या अ‍ॅडजस्टमेंटवर भागतं.

प्लेट गेलीच असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, मेहनत आणि मजुरी त्यातच जाते, त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) तिन्ही एकदम बदला, एक बेअरिंग वाचवायला जाऊन दोन महिन्यांनी परत सगळं खोलायला कोण लावणार! गिअरबॉक्स खाली असतानाच फ्लायव्हीलवर (इंजिनची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट पकडते) चरे किंवा निळे डाग आहेत का बघा, आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील गळत असेल तर तेही नवं टाकून घ्या, नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल पडून ती पण स्लिप होणार.

आणि गाडी चालवताना डावा पाय पेडलवर ठेवायची सवय असेल तर ती सोडा, सिग्नलला न्यूट्रल करा, चढावर थांबलात तर हँडब्रेक लावा. कुणाची प्लेट तीस हजार किमीत जाते, कुणाची लाखभर चालते, फरक बहुतेक वेळा पायाचाच असतो राव.