महिनाभर जिमला जातोय, वजन जास्त उचलता येतं, पण दंड तेवढेच. असं का?

बरोबर चाललंय तुमचं. सुरुवातीचे काही आठवडे स्नायू फारसे जाड होत नाहीत. मेंदू आणि नसा एकाच वेळी स्नायूतले जास्त तंतू कामाला लावायला शिकतात. मालवणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढताना बघा. नवखा पोरगा नुसत्या हातांनी खेचतो, जुना माणूस टाचा वाळूत रोवून सगळं अंग दोरीला लावतो. तंतूच्या आतही ओढाओढच: मायोसिन नावाच्या प्रथिनाची टोकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरून खेचतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. हा ताण पडत राहिला की नवी प्रथिनं तयार होऊन तंतू जाड होतात. डोळ्यांना फरक दिसायला साधारण 2-3 महिने लागतात. वजन थोडं थोडं वाढवा, त्याच स्नायूला मध्ये एक-दोन दिवस विश्रांती द्या. आणि प्रोटीन पावडरचा डबा आणण्याआधी ताटात बांगडा, कुळथाची पिठी नीट येऊ दे.