मराठीत सांगितलेलं, कन्नडमध्ये लिहिलेलं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पोलीस प्रोबेशनला (नव्या अधिकाऱ्याच्या उमेदवारीच्या काळाला) कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याचा खानापूर तालुका मिळाल्याचं कळलं. कलमं तुला पाठ आहेत, ते सांगत बसत नाही. पण उद्यापासून समोरचा माणूस मराठीत सांगणार आणि तू कन्नडमध्ये लिहिणार. आपल्या भागात पोलिसाचा खरेपणा आधी तिथं तपासला जातो, पैशाची गोष्ट नंतर.

'परवा' हा साधा शब्द घे. मराठीत तो गेलेला दिवसही असतो आणि येणाराही. कन्नडमध्ये गेलेल्याला 'मोन्ने', येणाऱ्याला 'नाडिद्दू'. बाई सांगते, "परवा दारात आला, परवा बघून घेतो म्हणाला." यातला एक परवा चुकला की गुन्ह्याची तारीख हलते, आणि आरोपीचा वकील तेवढंच धरून बसतो. म्हणून वार विचार, बाजाराच्या आधी की नंतर ते विचार, मग तारीख घाल. 'मारलं' म्हणजे हातानं, काठीनं, की जिवानिशी? 'विळा' म्हटलं असेल तर 'कुडुगोलू' लिही. घाईत 'मच्चू', म्हणजे कोयता, लिहिलंस तर फिर्यादीतलं हत्यार आणि पंचनाम्यात जप्त झालेलं हत्यार जुळत नाही, आणि खऱ्या माणसाची केस खोटी दिसते.

आधी सगळं ऐकून घे, मध्ये तोडू नकोस. शिवी, धमकी, हत्याराचं नाव त्यानं उच्चारलं तसंच देवनागरीत अवतरणात घाल, पुढं कन्नड अर्थ दे. मग मराठीत वाचून दाखव आणि त्यालाच विचार, "काय लिहिलंय, सांगा बघू." नुसतं "बरोबर हाय न्हवं?" विचारलंस तर खाकीसमोर माणूस मान डोलवतो, ती संमती धरू नकोस. दुरुस्ती खाडाखोड न करता शेवटी जोड. मराठीत वाचून दाखवलं हे आणि वाचणाऱ्याचं नाव तळाशी यायला हवं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे फिर्यादीवर सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. साक्षीदाराच्या कलम 180 च्या जबाबावर मात्र सही घ्यायची नाही. सही घेतली की साक्षीदार पक्का झाला असं नव्या माणसाला वाटतं, कायद्याला तेच नको आहे. बायका, 15 च्या आतली मुलं, साठीपुढचे, आजारी यांना जबाबासाठी स्टेशनला बोलवायचं नाही. ते आपणहून आले तर ठीक, नाहीतर आपण त्यांच्या घरी जायचं.

चंदगड हद्दीत घडलेलं कुणी तुझ्याकडं घेऊन आला तर "महाराष्ट्रात जा" म्हणून परत पाठवू नकोस. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, नोंदव आणि तिकडं पाठव. त्या माणसासाठी हद्द म्हणजे बदललेली एसटी, दुसरं काही नाही.

अटकेत हीच भाषेची गोष्ट सर्वात जड. अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायला हवीत, आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी, असं सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. मराठी माणसाच्या हातात कन्नड छापील फॉर्म ठेवून हे होत नाही. कारण म्हणजे कलमाचा नंबरही नाही: काय केलं, कधी केलं, आणि अटक का लागली, हे तीन वाक्यांत मराठीत लिही. शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल तर आधी कलम 35(3) ची, अटक न करता हजर राहायला सांगणारी नोटीस चालेल का ते बघ, आणि अटक केलीसच तर नोटिशीनं का भागत नव्हतं ते कागदावर आण. अटक पंचनाम्यावर घरच्या किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घे. 24 तास अटकेच्या क्षणापासून मोज, डायरीत नोंद केल्यापासून नाही. प्रवासाचा वेळ वगळता येतो, चहाचा नाही.

1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन. त्या दिवशी तुझं आडनाव दोन्ही बाजू वाचतील. जमाव पांगवायचा हुकूम कन्नडमध्येही दे, मराठीतही दे, आणि दोन्ही वेळा डायरीत लिही. बाहेर पडायला एक गल्ली मोकळी ठेव. लाठी वापरावी लागली तर डोकं, मान आणि पाठीचा कणा टाळ. जो हुकूम कळला नाही तो मोडला म्हणून कुणावर काठी चालवू नकोस.

कन्नड लिहिताना अडखळत असशील तर रोज अर्धा तास स्टेशनच्या रायटरशेजारी, म्हणजे लिखापढी करणाऱ्या पोलिसाशेजारी, बस.

तुझा शुभचिंतक