दहा महिन्यांच्या बाळाला रात्री १०१ ताप आला, तर घरी काय करावं?

बाळ दूध पीत असेल, नजर देत असेल, तर १०१ला घाबरू नका. आकड्यापेक्षा बाळाकडे बघा. ताप काखेत थर्मामीटर लावून मोजा, कपाळाला हात लावून नाही.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. गफलत होते ती बाटलीत. थेंबांच्या औषधात साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा २५०. म्हणजे आठ किलोच्या बाळाला थेंब १ मिली पुरतात; तेच सिरप समजून ५ मिली पाजलं तर थेट ५०० मिलिग्रॅम पोटात! लेबल वाचा, सोबतच्या ड्रॉपरनेच मोजा. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड स्वतःच्या मनाने देऊ नका.

आजी मिठाच्या गार पाण्याच्या पट्ट्या काढतीलच. गार पाण्याने बाळ कुडकुडतं, ताप उतरत नाही. स्वेटर-टोपी काढा, सुती झबलं ठेवा, थोडं थोडं दूध पाजत राहा.

बाळ मलूल पडलं, धाप लागली, झटका आला, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके उठले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर सकाळची वाट बघू नका. ताप दोन दिवसांवर गेला तरी डॉक्टरांना दाखवाच. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४लाच दवाखाना गाठायचा.