वाचकांचे प्रश्न : एस्प्रेसो आंबट लागते, काय करू?

प्रश्न : घरी छोटं एस्प्रेसो मशीन आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर आहे. कॉफी चिकमगळूरची, मीडियम रोस्ट. १८ ग्रॅम घेतो. १६ सेकंदांतच ४० ग्रॅम उतरते आणि दुधाशिवाय प्यायची सोय नाही इतकी आंबट. वजन वाढवलं, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) जोर लावून दाबला, फरक शून्य.
– एक वाचक, पुणे

उत्तर : दळण जाड आहे. आम्लं पाण्यात सर्वांत आधी उतरतात, गोडवा मागून येतो, कडवटपणा शेवटी. पाणी १६ सेकंदांत निसटलं की आम्लं कपात येतात आणि त्यांना तोलणारा गोडवा चोथ्यातच राहतो. हे जिभेवर पाहायचं असेल तर नीट जमलेला एखादा शॉट साधारण दहा-दहा सेकंदांनी कप बदलत तीन कपांत घ्या. पहिला दाट, आंबट, किंचित खारट, दुसरा गोडसर, तिसरा पातळ आणि कडसर. तिन्ही एकत्र केले की चव जुळते.

१८ ग्रॅमला ३६ ग्रॅम, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंदांत, हे आधी गाठा. कप वजनकाट्यावर ठेवा आणि ३३-३४ ग्रॅमला पंप बंद करा. उरलेले थेंब आपोआप पडतात. ग्राइंडर एकेक घर बारीक करत जा आणि दर वेळी पहिली एक-दोन ग्रॅम पूड फेकून द्या, तिच्यात आधीचं जाड दळण मिसळलेलं असतं. तोवर बाकी कशालाही हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

वजन वाढवणं इथे अंगाशी येतं: पाणी तेवढंच, कॉफी जास्त, म्हणजे प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला पाणी कमी. आणि पूड एकदा पूर्ण दबली की पुढचा सगळा जोर फुकट. टॅम्पर तिरका बसू नये एवढंच बघा. बास्केट, म्हणजे पूड भरायची भोकांची वाटी, उलटी करूनही पाहा. खाली एकच बारीक भोक असेल तर ती दुहेरी तळाची. तिच्यात दाब त्या भोकामुळे तयार होतो, त्यामुळे दळण बदलूनही फारसा फरक पडत नाही. एकेरी तळाची बास्केट घ्या.

प्रश्न : दळण बारीक केलं, ३२ सेकंद लागतात. तरी आंबट, शिवाय आता कडूही!
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आंबट आणि कडू एकाच घोटात आलं तर पहिला संशय चॅनेलिंगवर. पाणी पुडीतल्या भेगेतून वाट काढतं. भेगेजवळची कॉफी जास्त उतरते, बाकीची जवळपास कोरी राहते. मधूनच पिचकारी उडणं, धार लवकर फिकी पडणं किंवा चोथ्यावर बारीक भोकं दिसणं ही त्याची लक्षणं. टॅम्पिंगआधी बारीक सुयांनी पूड तळापर्यंत मोकळी करा, गाठी फोडा, पृष्ठभाग सपाट करा. तरीही पिचकारी उडाली तर दळण एक घर जाड करा. अति बारीक पुडीतून पाणी सरळ जातच नाही.

चॅनेलिंग नसेल तर तापमान बघा. छोट्या मशीनचा ‘तयार’चा दिवा दोन-चार मिनिटांत लागतो, पण तो आतल्या पाण्यापुरता खरा. ग्रुप (मशीनचा पाणी सोडणारा भाग) आणि पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा दांडा) तोवर गारच असतात आणि पाण्याची उष्णता पिऊन टाकतात. पोर्टाफिल्टर लावून १५-२० मिनिटं मशीन तापू द्या, मग रिकाम्या बास्केटमधून ५०-६० मिली पाणी कपात सोडा. कपही तापतो. तापमान ठरवता येत असेल तर ९३ अंशांपासून सुरुवात करा. लाइट रोस्टला ९४ ते ९६ लागतं, डार्कला ९० पुरतं.

प्रश्न : आरओच्या पाण्याने आंबटपणा वाढतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाढतो. पाण्यातली बायकार्बोनेटं आम्लाची धार बोथट करतात आणि आरओ नेमकी तीच काढून टाकतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०-३० असेल तर नळाचं गाळलेलं पाणी थोडं थोडं मिसळून १००च्या आसपास आणा. बोअरचं जड पाणी मात्र नको, बॉयलरमध्ये क्षार धरतात.

एवढं करूनही आंबट लागत असेल तर पाकीट वाचा. भाजून दोन-तीन दिवसच झाले असतील तर आठवडाभर थांबा. ताज्या कॉफीतला वायू पाण्याला नीट भिजवू देत नाही. लाइट रोस्ट असेल तर १८ ग्रॅमला ४५ ते ५० ग्रॅमपर्यंत उतरवा, चव पातळ होईल पण बोचणार नाही. आणि आंबटपणा मुळातच नकोसा असेल तर मशीनशी झगडण्यापेक्षा बिया बदला. मान्सून्ड मलबारच्या बिया किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी दमट वाऱ्यात फुगवतात, त्यात त्यांचं आम्ल बरंच कमी होतं. मीडियम-डार्क भाजलेली घ्या, दळण मात्र पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागेल.