टँकरच्या पोटात शॉक लागतोच कसा?

प्रश्न : भुसावळजवळ आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पाण्याचे टँकर बनवतो. पोरगा बारावी सायन्सला. तो म्हणे, पप्पा, पोकळ धातूच्या आत चार्ज नसतोच, आत बसलेल्याला काही होत नाही. मग मागच्या आठवड्यात टँकरमधे शिरून हॅण्डलॅम्पच्या उजेडात वेल्डिंग बघत होतो तर खांद्यापर्यंत झटका कसा बसला?

उत्तर : भाऊ, पोरगा बरोबर आहे आणि तुमचा झटका पण खरा आहे. फॅरेडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३६ साली धातूने मढवलेली १२ फुटी खोली बनवली, तिला बाहेरून जबरदस्त चार्ज दिला आणि स्वतः आत जाऊन बसला, बाहेर ठिणग्या उडत होत्या पण आत त्याच्या यंत्रांना काहीच कळलं नाही. कारण चार्ज पत्र्याच्या बाहेरच्या अंगालाच राहतो. पण हे कधी, तर आत दुसरं काही नसेल तेव्हा! तुम्ही तर २३० व्होल्टची केबल स्वतःच्या हाताने आत नेली, म्हणजे साप पिशवीत घालून घरात आणला आणि मग दाराला कडी लावली. त्यात भुसावळचा उन्हाळा, बनियन घामाने चिंब, पाठ पत्र्याला, गुडघे पत्र्याला, आणि पत्र्याला वेल्डिंगची अर्थिंगची वायर लावलेली, म्हणजे करंटला तुमच्या अंगातून जमिनीकडे रस्ता तयार. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरला तरी २३० मिलिअँपिअर होतात, आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडून लाईन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरलाच ट्रिप होतो यावरून समजा. बाहेर मोकळ्यात निदान हात झटकून मागे तरी पडता येतं, आत जाणार कुठे.

म्हणून १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात टाकीच्या आत २४ व्होल्टच्या वर हॅण्डलॅम्प सहसा चालत नव्हता, तुम्हीही तेच पाळा. २३० चे २४ करणारा ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवायचा हं, तो पण आत घेऊन बसणारे बघितलेत मी. ग्राइंडरची केबल सोललेली असेल तर टेप मारत बसू नका, बदला.

आता उलटं. आत केबल नाही, अर्थिंगचा क्लॅम्प काढलेला आहे, टँकर रबरी टायरवर उभा आहे आणि बाहेरची लाईव्ह वायर पत्र्याला चिकटली, तर आतल्या माणसाला पत्ताही लागत नाही, इथे पोराचं पुस्तक पास. गडबड उतरताना होते, हात टँकरला आणि पाय जमिनीला. तेव्हा वायर चिकटल्याचं कुणी बाहेरून सांगितलं किंवा तशी शंका आली, तर आतूनच ओरडून मेन बंद करायला सांगायचं आणि तोवर कितीही उकडलं तरी तिथेच बसून राहायचं.