साधी भेट न्यायची लाज वाटते

"मॅडम, जो तो म्हणतो छंद लावून घ्या. पण छंदालासुद्धा पैसे लागतात. आणि केलेलं द्यायचं कुणाला? लोक किंमत बघतात."

साठीच्या आसपासच्या बायकांकडून, आणि अलीकडे निवृत्त पुरुषांकडूनही, समुपदेशन करताना थोड्याफार फरकाने मला हेच ऐकू येतं. त्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काकू बालवाडीत सेविका होत्या. काम सुटलं, यजमानांचं पेन्शन तुटपुंजं, मुलगा-सून बंगळुरूला. जेवणं आटोपली की दुपार खायला उठायची. मोबाईलवर रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या रसायनाच्या, ट्रेचे व्हिडिओ बघून त्यांनी सामान मागवलं. दीड हजार रुपये गेले आणि पहिलाच ट्रे चिकट राहिला. डबा माळ्यावर गेला आणि 'आता आपल्याच्याने काही होत नाही' हे मनात घट्ट बसलं. तशात थोरल्या दिरांच्या मुलीला बाळ झालं. बारशाला मधल्या जाऊबाई चांदीचे वाळे घेणार, हे कानावर आलेलं. "बरं नाही असं सांगून घरीच राहावं म्हणते," काकू म्हणाल्या.

छंदाकडे वळण्याआधी मी झोप, भूक, मनात येणारे विचार, सगळं विचारून घेतलं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर हातात सुई-दोरा देऊन भागत नाही, डॉक्टरांना गाठायलाच हवं. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. काकूंचं तिथवर गेलं नव्हतं. त्यांचा दिवस ओस पडला होता, आणि त्या माणसांना टाळू लागल्या होत्या.

मी विचारलं, "काकू, मुलगा लहान होता तेव्हा तुम्ही हाताने काय काय करायचात?"

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "दुपटी शिवायचे. पण त्यात काय, तेव्हा सगळ्याच शिवायच्या."

मला हेच हवं होतं. उत्साह आला की सुरू करू, असं आपण म्हणतो. मन खचलेलं असताना तो आपणहून येत नाही. आधी ठरल्या वेळी हात चालू लागतात, उत्साह मागून येतो. उदासीच्या उपचारात ही पद्धत गेली काही दशकं वापरली जाते. त्यात अनोळखी कला आणि महागडं सामान घेतलं, तर पहिल्या फसण्यालाच माणूस हात टेकतो. जे पूर्वी येत होतं, ते घरात आहे त्यातूनच करायचं, रोज दुपारी तासभर, एवढंच आम्ही ठरवलं.

पुढच्या खेपेला काकूंनी माझ्या टेबलावर दुपटं पसरलं आणि मलाच शिकवायला लागल्या. पाचवारी सुती साडी साडेपाच मीटरची. काठ टोचतात, म्हणून ते आधी उतरवायचे. मग साडीचे मीटर-मीटरचे पाच तुकडे. दोन साड्यांत तीन पदरी तीन दुपटी होतात, उरल्या तुकड्यात लंगोट. विरलेला भाग मधल्या पदरात घालायचा. पदर सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके, मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनाचौकोनाने मध्यावर यायचं. "आणि गाठ अशी आत ओढायची," म्हणत त्यांनी दोरा हलका ताणला, गाठ दोन पदरांमध्ये गेली. "बाळाचं अंग कोवळं असतं ना." खर्च काय तो दोऱ्याचा. यजमान स्वतः जाऊन तीन रंग निवडून घेऊन आले होते!

लाज मात्र अजून होतीच. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या संशोधकांनी २००९ मध्ये भेटवस्तूंवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. देणाऱ्याला वाटतं, वस्तू जितकी महाग तितकं तिचं कौतुक. घेणाऱ्यांना विचारलं, तर किंमत आणि कौतुक यांचा तसा मेळ दिसला नाही. हे मी काकूंना सांगितलं. पण आपल्याकडे आहेर वहीत लिहून ठेवतात, त्यामुळे 'किंमत कुणी बघत नाही' असं खोटं सांगितलं नाही. बघणारे बघतात. आपण भेट बाळ-बाळंतिणीला देतोय की वही लिहिणाऱ्याला, एवढं आधी मनाशी ठरवायचं. जाऊबाई काय बोलतील आणि त्यावर काय म्हणायचं, याची आम्ही चक्क तालीम केली.

बारशाला जाऊबाई बोलल्याच. "जुन्या साड्यांची का?" काकू म्हणाल्या, "हो, माझ्याच. नवं कापड बाळाला टोचतं." विषय तिथेच संपला. पंधरा दिवसांनी पुतणीचा फोन आला, पावसात दुपटी वाळत नाहीत, काकू, अजून दोन द्याल का?

सगळ्यांना शिवण जमेल असं नाही. माझ्याकडे येणारे एक निवृत्त कारकून कामट्या, पतंगी कागद आणि खळ घेऊन आकाशकंदील करतात, दिवाळीत नातेवाइकांकडे पोचवतात. ओटीत आलेले ब्लाउजपीस घरोघरी पडून असतात, त्यांचे नाडीचे बटवे होतात. श्रावणात हाताने वळलेल्या फुलवातींची पुडी कोणतीही आजी आनंदाने घेते. करताना डोळ्यासमोर एक ठरावीक माणूस असावा, 'कुणाला तरी देऊ' म्हणून केलेल्या गोष्टी बहुधा अर्धवट राहतात.

दुपटी पाहून काकूंना कुणीतरी लगेच सुचवलं, ऑर्डरी घ्या! त्यांनी मला विचारलं. पैशांची खरोखर निकड असेल तर त्याचा वेगळा, नीट हिशेब करून विचार करू, पण निदान सहा महिने नको, असं माझं स्पष्ट मत होतं. दर, मुदत आणि तक्रारी आल्या की त्या तासाचं पुन्हा काम होतं, आणि नुकतं सावरलेलं मन पहिल्याच तक्रारीने खाली बसतं. काकूंनी विचार करून नकार कळवला. शेजारच्या दोघींना मात्र दुपारी शिकायला बोलावलंय. साड्या त्यांनी आपापल्या आणायच्या.