चार मिनिटांनी गोठणारे चित्र: केबल नव्हे, क्वेरियर तपासा

सोलापुरातील आपल्या मंगल कार्यालयात मुख्य सभागृहातील विवाहविधी भोजनगृहातील व वरच्या मजल्यावरील बारा टीव्हींवर मल्टिकास्टने (एकच प्रवाह एकदाच पाठवून अनेकांपर्यंत पोचवण्याच्या पद्धतीने) दाखवताना चित्र उत्तम सुरू होते, परंतु चारेक मिनिटांनी गोठते, आणि टीव्हीमागील छोट्या संगणकावर व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केले की तेवढाच वेळ चालते, असे आपण लिहिले आहे. केबल बदलण्याचा सल्ला आपल्याला मिळाला असला, तरी तो खर्च तूर्त करू नये. केबलचा दोष असा घड्याळ लावल्यासारखा प्रकट होत नाही.

आपल्या स्विचवर (नेटवर्कच्या केबल जोडणाऱ्या यंत्रावर) आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे मल्टिकास्ट प्रवाह फक्त मागणाऱ्या पोर्टांकडेच पाठवण्याची सोय, सुरू आहे, पण नेटवर्कात क्वेरियर, म्हणजे प्रवाह कोणाला हवा हे विचारत राहणारे यंत्र, नाही, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. व्हीएलसी सुरू होताच तो संगणक त्या मल्टिकास्ट गटाचे (तो प्रवाह घेणाऱ्यांच्या गटाचे) सदस्यत्व जाहीर करतो आणि स्विच त्या पोर्टची नोंद करून तिकडे चित्र पाठवू लागतो. ही नोंद टिकवायची, तर कोणीतरी ठरावीक अंतराने ‘या गटात अजून कोण आहे?’ असे विचारत राहावे लागते. प्रमाणित मूल्यांनुसार ही विचारणा दर १२५ सेकंदांनी होते आणि २६० सेकंदांत सदस्याकडून उत्तर न आल्यास नोंद पुसली जाते. विचारणाराच नसेल, तर संगणक गप्प राहतो आणि स्विच नियमाप्रमाणे त्या पोर्टकडे चित्र पाठवणे बंद करतो. आपली ‘चारेक मिनिटे’ म्हणजे हेच २६० सेकंद. मल्टिकास्ट राउटिंग करणारा राउटर ही विचारणा स्वतः करतो. इंटरनेट जोडणीसोबत येणारा साधा राउटर बहुधा करत नाही.

म्हणून मुख्य स्विचच्या व्यवस्थापन पानावर, टीव्ही ज्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) आहेत त्याच व्हीलॅनसाठी, क्वेरियर सुरू करावा आणि स्विचला त्या व्हीलॅनमधील आयपी पत्ता द्यावा. दुसऱ्या स्विचवरही तो सुरू राहिला तरी हरकत नाही, कारण सर्वांत लहान आयपी पत्त्याचा क्वेरियर काम सांभाळतो व दुसरा थांबतो. स्नूपिंगच बंद करणे हा उपाय निदानासाठी ठीक आहे, कायमचा नाही. त्याने चित्र थांबणार नाही, पण ते बिलिंगच्या संगणकापासून वाय-फायपर्यंत सर्वत्र सांडेल.

आपण मल्टिकास्ट गटासाठी वापरलेला २३९.२५५.१०.१ हा पत्ता योग्य आहे. त्याऐवजी २३९.०.०.१ घ्या, असेही आपल्याला सुचवले गेले आहे, ते टाळावे. त्याचा मॅक पत्ता (स्विच ज्यावरून पॅकेट ओळखतो तो हार्डवेअर-पातळीचा पत्ता) २२४.०.०.१ या सर्व यंत्रांसाठी राखीव गटाच्या मॅक पत्त्याशी जुळतो, त्यामुळे काही स्विच तो प्रवाह सर्व पोर्टांवर सोडतात आणि मूळ दोष केवळ झाकला जातो. सर्व टीव्ही एकाच व्हीलॅनमध्ये असल्याने टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकते याची मर्यादा) १ पुरेसा आहे.

वरच्या मजल्यावरील दोन टीव्ही वाय-फायवर आहेत, त्यांना मात्र केबल टाकावीच. वाय-फायवर मल्टिकास्ट पॅकेट पोचल्याची पावती मिळत नाही आणि ती सहसा अगदी मंद वेगाने पाठवली जातात. त्यामुळे चित्र फुटते आणि पाहुण्यांचे इंटरनेटही रखडते. केबल शक्य नसेल, तर मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये (प्रत्येकाला वेगळा प्रवाह पाठवण्यात) रूपांतर करणारा वाय-फाय ॲक्सेस पॉइंट घ्यावा.

बदल केल्यावर सर्व टीव्ही सलग किमान पंधरा मिनिटे चालवून पाहावेत. दोन मिनिटांच्या चाचणीत हा दोष दिसतच नाही, आणि मग तो नेमका अक्षता पडताना समोर येतो.